शांत आहे, काही त्रास नाही!

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत असताना लिहून काढली आहे. म्हणीचा अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा आणि गुण मिळवा. गंमत अशी की, ज्या वर्गात ही म्हण शिकवली जाते त्याच वर्गात पुढच्या मिनिटाला बाई एक प्रश्न विचारतात, आठ-दहा हात झटकन वर जातात, ‘बाई मी, बाई मी’ असा खळखळाट होतो आणि उत्तर सांगण्याची संधी त्या खळखळाटालाच मिळते. खोल पाणी मागच्या बाकावर तसेच स्थिर राहते. म्हणींमधून आपण अबोलपणाचे गोडवे गातो. व्यवहारात मात्र ‘मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही’ या दुसऱ्याच म्हणीवर आपल्या शाळा चालतात.

हा विसंवाद मला बरीच वर्षे जाणवत आला आहे. तालुक्याच्या गावातील एका कला महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते. आमच्याकडे मुले येतात ती सतराव्या-अठराव्या वर्षी, बारावीपर्यंतचे सारे संस्कार होऊन गेल्यावर. त्यामुळे शाळेने काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले, याचा हिशेब आमच्या वर्गात आपोआपच पुढे येतो. शिवाय शेजारपाजारचे व नात्यातले पालक ‘मानसशास्त्राच्या बाई’ म्हणून हक्काने घरी येतात. त्यांच्या तोंडून एक तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकते : “मूल हुशार आहे हो, पण वर्गात बोलत नाही. शाळेचं त्याच्याकडे लक्षच नाही.” या तक्रारीत तथ्य किती आणि तिच्यावर उपाय कोणी करायचा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

पालकसभेचे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. वर्गशिक्षिकेच्या टेबलापुढे रांग लागलेली असते. खोडकर मुलाच्या आईला पंधरा मिनिटे मिळतात. तिच्यापुढे तक्रारींची यादीच वाचली जाते. पहिल्या पाचांतल्या मुलाच्या वडिलांनाही दहा मिनिटे मिळतात. स्कॉलरशिपचे काय, वक्तृत्वस्पर्धेचे काय, अशी चर्चा होते. अबोल मुलाच्या आईची पाळी येते तेव्हा बाई क्षणभर प्रगतिपुस्तकावरचे नाव पाहतात आणि हसून म्हणतात, “तुमच्या मुलाचं काही नाही हो. शांत आहे, काही त्रास नाही.” आई उठते. घरी जाताना तिच्या मनात येते की, मुलाचा त्रास नाही हे ठीक. पण मुलगा आहे कसा? त्याला काय येते, काय अडते, कशात त्याचा जीव रमतो? याबद्दल बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. ‘त्रास नाही’ हे जणू मोठे प्रशस्तिपत्रक आहे अशा थाटात तिच्या हाती ठेवले गेले. वस्तुतः ते प्रशस्तिपत्रक नव्हते. ओळख नसल्याची ती कबुली होती.

आता कोणी म्हणेल, ‘आपला तो बाब्या’ हा न्याय जगाच्या आरंभापासून चालत आला आहे. प्रत्येक आईबापाला आपले मूल असामान्य वाटते. ते वर्गात बोलत नसेल तर त्याचे कारण कदाचित इतकेच असेल की, त्याला उत्तर येत नाही! हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. सगळी अबोल मुले बुद्धिमान असतात असे मुळीच नाही; जशी सगळी बोलकी मुले उथळ नसतात. म्हण ही म्हणच असते, मानसशास्त्राचा सिद्धान्त नव्हे. परंतु प्रश्न नेमका येथेच सुरू होतो. बोलके मूल हुशार आहे की नाही हे शाळेला दोन दिवसांत कळते. अबोल मूल हुशार आहे की नाही हे शाळेला वर्षअखेरीपर्यंत ठाऊक नसते. ते बाब्या आहे की बृहस्पती, हे ठरवण्यासाठी आधी त्याच्याकडे पाहावे लागेल. माझे म्हणणे एवढेच आहे की, दिसणे हे मुलाचे काम नाही. पाहणे हे शाळेचे काम आहे.

शाळा का पाहत नाही? शिक्षक दुष्ट असतात म्हणून नव्हे. साधे गणित मांडून पाहावे. पस्तीस मिनिटांचा तास आणि वर्गात साठ मुले. शिक्षकाने पंचवीस मिनिटे शिकवले तर उरतात दहा मिनिटे. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला दहा सेकंद. त्यात हजेरी, वह्या, मधेच येणारी सूचनांची वही. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीपर्यंत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले. नववीपासून पुढे तर तो कायदाच लागू नाही. त्यातून निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे नित्याचे ओझे. अशा घाईत जो हात वर होतो त्याच्याकडे बोट दाखवणे, हा शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत सोपा मार्ग असतो. उत्तर मिळते, धडा पुढे सरकतो, आणि वर्गाला समजले असा दिलासाही मिळतो. आठ जणांच्या उत्तरावर साठ जणांचा निकाल लागतो.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने शेकडो वर्गांतील संभाषण ध्वनिमुद्रित करून १९७४ च्या सुमारास एक मोठी साधी गोष्ट दाखवून दिली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तराची वाट पाहतो ती सरासरीने अवघा एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आले नाही तर तो दुसऱ्याला विचारतो, नाहीतर स्वतःच सांगून टाकतो. हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरे लांब आली, विचारपूर्वक आली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. कच्ची समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक हुशार समजल्या जाणाऱ्यांपेक्षाही कमी वेळ थांबतात. म्हणजे ज्याला वेळाची गरज अधिक, त्याच्या वाट्याला वेळ कमी. एका सेकंदात जे मूल बोलू शकते ते जिभेने चपळ असते. बुद्धीने खोल असतेच असे नाही. काही मुले उत्तर आधी मनात घोळवतात, शब्द जुळवतात, ते बरोबर आहे ना याची खात्री करतात. आणि ती होईपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनावर गेलेली असते.

येथे आणखी एक खुलासा करायला हवा. ‘शांत मूल’ या एका शब्दाखाली आपण निरनिराळ्या मुलांना एकाच पोत्यात भरतो. काही मुले स्वभावतःच अंतर्मुख असतात. कार्ल युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख या प्रवृत्तींचे विवेचन केले, तेव्हा अंतर्मुखता हा दोष आहे असे त्याने म्हटले नव्हते. पुढे जेरोम केगन यांनी तान्ह्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून दाखवले की, नव्या माणसांपुढे व नव्या प्रसंगी बिचकण्याची प्रवृत्ती काही मुलांत अगदी लहानपणापासून असते. अशा मुलाला ‘बोल की रे, तोंड शिवलंय का?’ असे दटावणे म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने लिहायला लावण्यासारखे आहे.

पण प्रत्येक शांतता स्वभावातून येत नाही. एखाद्या मुलाला कानाने कमी ऐकू येत असते आणि ते कोणाच्या ध्यानातच आलेले नसते. एखादे मूल घरी पोपटासारखे बोलते आणि शाळेच्या फाटकात शिरले की महिनोन्‌महिने एक शब्दही उच्चारत नाही; तो हट्ट नसतो, तज्ज्ञाकडे नेण्याजोगी ती अडचण असते. आणि या साऱ्यांहून मोठा वर्ग आहे तो भाषेने गप्प केलेल्या मुलांचा. घरी अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणारे मूल पहिल्या दिवशी तोंड उघडते, वर्ग हसतो, बाई ‘शुद्ध बोल’ म्हणतात. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा मुलगाही तेच ऐकतो. त्या दिवशी ते मूल एक धडा पक्का शिकते : गप्प बसले की कोणी हसत नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचीही गत तीच. मुलींच्या बाबतीत तर गप्प बसणे हा सद्‌गुणच मानला जातो. मुलगा बोलला नाही तर निदान काळजी वाटते. मुलगी बोलली नाही तर ‘गुणाची पोर’ म्हणून तिची पाठ थोपटली जाते.

आपल्या शाळांचा इतिहासही येथे विसरता येणार नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात आता तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. परंतु त्याच शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागत असे. एखाद्या मुलाचे गप्प असणे पाहताना ते जन्मतःच गप्प होते की कोणी केले, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

आता मूळ तक्रारीकडे येते. ‘आमच्या मुलाकडे लक्ष नाही’ असे म्हणत माझ्याकडे येणारे पालक बहुतेक शिकलेले असतात. ते शाळेत जाऊ शकतात, मुख्याध्यापकांपुढे खुर्चीवर बसू शकतात, शब्दाला शब्द देऊ शकतात. त्यांची काळजी खरी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. पण त्यांच्या अबोल मुलाला एक वकील तरी मिळालेला असतो. ज्याचे आईबापही शाळेपुढे अबोल आहेत त्या मुलाचे काय? ऊसतोडीला गेलेली आई पालकसभेला येत नाही. आलेला बाप दाराशी चपला काढून उभा राहतो, ‘मास्तर म्हणतील ते खरं’ म्हणतो आणि परत जातो. बोलक्या पालकांच्या अबोल मुलाचे नुकसान होते. अबोल पालकांच्या अबोल मुलाचे आयुष्यच बदलते.

हे मी वाढवून सांगत नाही. ग्रामीण भागात शिक्षकाच्या एका वाक्याला केवढे मोल असते ते शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. “पोरगी हुशार आहे, तिला शिकवा” एवढे वाक्य मास्तरांनी चारचौघांत उच्चारले की, दहावीनंतर ठरत आलेले लग्न दोन वर्षे पुढे जाते. एस.टी.चा पास निघतो. धाकट्या भावाबरोबर तिच्याही पुस्तकांना पैसे मिळतात. हे वाक्य ज्या मुलीच्या वाट्याला येते ती बहुधा हात वर करणारी, स्नेहसंमेलनात भाषण करणारी असते. मागच्या बाकावरच्या मुलीबद्दल ते वाक्य कोणी बोलतच नाही. घरचे विचार करतात, काही विशेष असते तर मास्तर बोलले नसते का?

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या टेबलाशी आलेल्या एका वडिलांनी मला हेच विचारले होते. “मॅडम, शाळंत हिच्याबद्दल कुणी चांगलं बी सांगितलं न्हाई, वाईट बी न्हाई. तुमीच सांगा, पुढं शिकवून उपेग हाय का?” मुलगी शेजारी खाली मान घालून उभी होती. पुढे पहिल्या सत्राच्या चाचणीत ‘अवधान’ या घटकावर एक प्रश्न होता. वर्गातील बहुतेकांनी गाइडमधले उदाहरण जसेच्या तसे उतरवले. या मुलीने लिहिले होते : आई चुलीपुढे शेजारणीशी बोलत असते, तिचे हात भाकरी थापत असतात, आणि तरीही गोठ्यात वासराने दावे ओढले तर ते आधी तिलाच कळते, मग अवधान एका वेळी एकाच गोष्टीवर असते, हे पुस्तकातले वाक्य पुरते खरे आहे का? मानसशास्त्राने ज्या प्रश्नावर कितीतरी प्रयोग केले तो प्रश्न तिने गोठ्याच्या दारात उभे राहून विचारला होता. मी तिला बोलावून विचारले, “शाळेत असं काही लिहायचीस का गं?” ती म्हणाली, “शाळेत मला कधी कुणी काही विचारलंच नाही, मॅडम. हजेरीला ‘हजर’ म्हणायचं, तेवढंच.” तिच्या वडिलांना मी निरोप पाठवला आणि ते वाक्य सांगितले. ती आता तृतीय वर्षाला आहे. पण ते वाक्य तिला पाचवीत मिळायला हवे होते. आणि जी मुलगी आमच्या टेबलापर्यंत पोहोचलीच नाही, तिचे काय, हा विचार काही पाठ सोडत नाही.

‘पण आपल्याकडे परीक्षा आहेत ना?’ असे कोणी विचारील. खरे आहे, लेखी परीक्षा ही अबोल मुलाची मैत्रीण आहे. तिच्यापुढे आवाज चढवावा लागत नाही. जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये ज्या दोन शाळांनी झाली त्यांतली एक आपल्या अमरावती जिल्ह्यातली. सहावीच्या प्रवेशासाठी लेखी चाचणी आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, ही योजना अशा मुलांसाठी वरदानच आहे. आठवीतल्या मुलांसाठी असलेली आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. पण या परीक्षांना बसवायचे कोणाला, हे कोण ठरवते? अर्ज भरायला सांगणारा, जादा तासाला थांबवणारा, बापाकडून उत्पन्नाचा दाखला मागवणारा शिक्षकच असतो. जेथे शिक्षक साऱ्या वर्गाला बसवतात तेथे उत्तमच. पण अनेक ठिकाणी ‘निवडक’ मुलांची तयारी करून घेतली जाते. म्हणजे निवड परीक्षेच्या आधीच होऊन जाते, आणि ती पुन्हा वर झालेल्या हातांतूनच होते.

याबाबतीत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याचा अनुभव बोलका आहे. तेथे विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी पूर्वी शिक्षक आणि पालक नावे सुचवत असत. पुढे दुसरीतल्या सगळ्याच मुलांची सरसकट प्राथमिक चाचणी घेण्यास सुरुवात झाली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब व अल्पसंख्य समाजांतील निवडल्या गेलेल्या मुलांचे प्रमाण कितीतरी वाढले होते. मुले तीच होती, त्यांची बुद्धी एका वर्षात वाढली नव्हती. आधी त्यांची नावे कोणी सुचवत नव्हते, इतकेच. जी मुले शिक्षकाच्या नजरेतून आणि पालकांच्या आग्रहातून निसटली होती ती साध्या चाळणीत सापडली. या एका उदाहरणातून आपण एवढे जरी घेतले की, शोध घ्यायचा तर सगळ्यांचा घ्यावा, तरी पुष्कळ होईल.

कागदोपत्री आपली व्यवस्था काही मागासलेली नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात दैनंदिन निरीक्षणाचे साधन आहे, तोंडी काम आहे, प्रकल्प आहे, आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद करण्याची अपेक्षा आहे. कल्पना किती सुंदर! शिक्षकाने प्रत्येक मुलाकडे रोज थोडे पाहावे आणि दोन शब्द लिहावेत. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या याद्याच शिक्षकांमध्ये फिरू लागल्या. मी पाहिलेल्या कितीतरी प्रगतिपुस्तकांत ‘शांत व सुस्वभावी’, ‘वर्गकार्यात सहभाग वाढवावा’ ही वाक्ये एका मुलावरून उचलून दुसऱ्यावर सहज ठेवता येतील अशी आहेत. सहभाग वाढवावा, पण कोणी?

दहावीच्या तोंडी परीक्षेचेही तसेच. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे अंतर्गत वीस गुण काढून टाकण्यात आले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. केवढा गदारोळ झाला! पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. त्या साऱ्या वादात टक्केवारीची चर्चा भरपूर झाली. पण त्या वीस गुणांसाठी आपण मुलांचे बोलणे खरोखर ऐकतो का, हा प्रश्न मागेच राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आता समग्र प्रगतिपत्रकाची योजना आहे. त्यात मुलाने स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी त्याच्याबद्दल सांगण्यालाही स्थान आहे. योजना चांगली आहे. पण तयार नोंदींच्या याद्या याही पत्रकासाठी निघाल्या, तर कागद तेवढा जाड होईल.

मग करावे काय? मला वाटते, उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला उपाय : प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजावे आणि तोवर कोणाचेही उत्तर घेऊ नये. दुसरा : आधी लिहू द्यावे, मग बोलू द्यावे. मी माझ्या वर्गात चर्चेपूर्वी पाच मिनिटे प्रत्येकाला चार ओळी लिहायला सांगते. लिहिलेले समोर असले की बोलायला आधार मिळतो, आणि जे बोलत नाहीत त्यांचेही म्हणणे संध्याकाळी माझ्या हाती येते. तिसरा : मोठ्या सभेऐवजी दोघादोघांत बोलायला लावावे. साठ जणांपुढे थरथरणारे मूल शेजारच्याला छान समजावून सांगते.

यात नवे असे काही नाही. आपल्याच पूर्वसूरींनी हे केले आहे. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील शाळकरी मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ज्या समाजाला शतकानुशतके बोलूच दिले नव्हते त्यातली एक मुलगी कागदावर बोलली. कारण तिच्या हाती कोणीतरी विश्वासाने लेखणी दिली होती. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक चालवीत. मुलांपर्यंत पोहोचण्याची एक वाट कागदावरूनही जाते, हे त्यांनी ओळखले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला याहून पुढचे पाऊल टाकले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या कुरणात नेली आणि ‘कुरणशाळा’ भरवली. मूल शाळेपाशी आले नाही म्हणून त्या रुसून बसल्या नाहीत. मग आपल्याच वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत चार पावले चालत जाणे इतके का अवघड असावे?

पालकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. पाहुण्यांपुढे ‘आमचा हा बोलतच नाही’ असे मुलाच्या देखत म्हणू नका. पुष्कळदा ऐकलेले वर्णन मूल खरे करून दाखवते. सुट्टीतल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात घातले की मूल पंधरा दिवसांत वक्ता होईल, या आशेवर हजारो रुपये घालवू नका. शाळेत जाल तेव्हा ‘कसा आहे आमचा?’ असे मोघम विचारू नका. मोघम प्रश्नाला ‘शांत आहे’ हेच उत्तर मिळते. त्याची एखादी वही, चित्र, त्याने घरी दुरुस्त केलेली वस्तू बरोबर न्या. ‘या आठवड्यात त्याला कोणता प्रश्न विचारलात? त्याने काय सांगितलं?’ असे विचारा. सौम्यपणे विचारा, कारण शिक्षकही दमलेला असतो. आणि जमले तर शेजारच्या ज्या मुलाचे आईबाप सभेला येऊ शकत नाहीत, त्याचेही नाव घ्या. आपल्या मुलापुरती वकिली सगळेच करतात. तिची खरी गरज आहे ती त्या दुसऱ्या मुलाला.

शेवटचा एक आक्षेप राहतो. जग बोलणाऱ्यांचे आहे. मुलाखतीत, बाजारात, सभेत तोंड उघडावेच लागते. मग मुलांना बोलायला भाग पाडले तर काय बिघडले? बोलायला शिकवावे, याबद्दल माझा वाद नाही. पण शिकवणे वेगळे आणि जकात वसूल करणे वेगळे. पोहता येत नाही म्हणून आपण मुलाला विहिरीत ढकलून काठावरून गुण देत नाही. उथळ पाण्यात, पाठीला भोपळा बांधून, हळूहळू शिकवतो. बोलणे हे शिकवण्याचे कौशल्य आहे. ते येईपर्यंत मुलाच्या बुद्धीला, त्याच्या शिष्यवृत्तीला, त्याच्या पुढच्या शिक्षणाला दाराबाहेर ताटकळत ठेवण्याचा अधिकार शाळेला नाही. शिवाय ऐकणारी, निरखणारी, दहा वेळा विचार करून एकदा बोलणारी माणसेही जगाला हवीच असतात. प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, रुग्णाच्या उशाशी, न्यायाधीशाच्या खुर्चीत आपण अशीच माणसे शोधतो.

हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण उद्या बी.एड. करून शिक्षक होतील. काही जण गावाकडच्या शाळेत, काही आश्रमशाळेत. त्यांच्यासाठी एक छोटीशी सूचना करून थांबते. शाळेत रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एखाद्या संध्याकाळी हजेरीपट बंद ठेवा आणि कोऱ्या कागदावर आपल्या वर्गातील मुलांची नावे आठवून लिहून काढा. पहिली दहा झरझर येतील. ती हात वर करणाऱ्यांची आणि खोड्या काढणाऱ्यांची असतील. मग वेग मंदावेल. शेवटी काही नावे आठवणारच नाहीत. हजेरीपट उघडा, ती नावे पाहा आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला प्रश्न त्यांतल्या एकाला विचारा. विचारल्यावर तीनपर्यंत मोजायला मात्र विसरू नका.